परळीची राख कोणत्या मंत्रालयाला विचारायची? संसदेतली ऊर्जा-हवामान चर्चा मराठवाड्यातून गाठण्याची वाट

संसदेत वीज, कोळसा, सौरपंप, इथेनॉल किंवा हवामान बदलावर नेमकं काय ठरतंय हे समजून घ्यायचं असेल, तर टीव्हीवरच्या गोंधळात फार काही सापडत नाही. लेखी उत्तरं, स्थायी समितीचे अहवाल आणि विधेयकाचा मसुदा हे तीन कागद वाचता आले की बाकीचं आपोआप उलगडतं. हा लेख त्यासाठी आहे. ग्रामपंचायत सदस्य, शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते, तालुका वार्ताहर, स्पर्धा परीक्षेची मुलं, ज्यांना खासदारांकडे फक्त निवेदन देऊन फोटो काढायचा नाही त्या सर्वांसाठी.

आधी हद्द ठरवा

वीज हा राज्यघटनेतल्या समवर्ती सूचीतला विषय आहे, सातव्या परिशिष्टातली तिसरी सूची, नोंद ३८. म्हणजे कायदा केंद्रही करू शकतं, राज्यही. पण रोजचा कारभार वाटला गेलाय. वीजदर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. डीपी (रोहित्र) बदलणं, लाईन ओढणं हे महावितरणचं काम. दरात सवलत द्यायची तर तिचे पैसे राज्य सरकारने द्यायचे, तेही आगाऊ, असं विद्युत अधिनियम २००३ चं कलम ६५ सांगतं. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मिळणारी मोफत वीज हीसुद्धा राज्याची योजना आहे.

त्यामुळे 'शेतीपंपाचं बिल माफ करा' हे भाषण लोकसभेत दणक्यात होतं, रील फिरते आणि गोष्ट तिथेच संपते. केंद्रीय मंत्र्याला एक वाक्य पुरतं: हा राज्याचा विषय आहे.

केंद्राच्या हातात खरोखर काय आहे? मूळ कायदा, वितरण सुधारणेच्या योजनांचा पैसा, राष्ट्रीय पारेषण जाळं, कोळशाचं वाटप, सौरपंपाचं केंद्रीय अनुदान, प्रदूषणाचे निकष, अणुऊर्जा आणि आंतरराष्ट्रीय हवामान करार. प्रश्न यातल्या एखाद्या खुंटीला बांधला तरच संसदेत टिकतो. पाणी हा राज्य सूचीतला विषय आहे. म्हणून २०१५ मध्ये पाण्याअभावी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले, तेव्हा 'धरणातून पाणी का सोडलं नाही' हा प्रश्न दिल्लीत बसणारा नव्हता. 'पाणीटंचाईच्या भागातल्या औष्णिक केंद्रांच्या पाणीवापराचे निकष काय' हा मात्र बसतो.

मंत्रालय चुकलं की सगळं चुकलं

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते. विजेशी संबंध आहे म्हणून सगळं विद्युत मंत्रालयाकडे पाठवलं जातं.

परळीच्या वीजकेंद्राची राख घ्या. केंद्र विजेचं, पण राखेच्या वापराचे आणि साठवणुकीचे नियम पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाचे. फ्लाय ॲशबद्दलची (कोळशाच्या उडत्या राखेबद्दलची) सध्याची मूळ अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ ची, त्याच मंत्रालयाची. वीजकेंद्राला मिळणारा कोळसा मात्र कोळसा मंत्रालयाचा विषय.

सौरपंप, म्हणजे पीएम-कुसुम, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाकडे. शेतीचे फीडर (वीजवाहिन्या) वेगळे करणं, स्मार्ट मीटर, रोहित्रांची क्षमतावाढ हे आरडीएसएस या वितरण सुधारणेच्या केंद्रीय योजनेखाली येत असेल तर विद्युत मंत्रालय. इथेनॉल तर तीन दारी फिरतं. पेट्रोलमध्ये किती टक्के मिसळायचं हे पेट्रोलियम मंत्रालयाकडे. ऊसाचा रस इथेनॉलला वळवायचा की साखरेला, हे अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे. डिसेंबर २०२३ मध्ये रसावर आलेला निर्बंध याच विभागाचा. नव्या डिस्टिलरीची पर्यावरण मंजुरी आणखी तिसरीकडे. लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या कारखान्याबद्दल विचारायचं असेल तर आधी हे ठरवा की अडचण भावाची आहे, ऊसाची आहे की मंजुरीची.

जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचं तसंच. वीज एका मंत्रालयाची, पक्षी अभयारण्य पर्यावरण मंत्रालयाचं, पाणी राज्याचं. शिवाय असे प्रकल्प न्यायालयात जातात, आणि न्यायप्रविष्ट प्रकरणावर प्रश्न स्वीकारला जात नाही. प्रश्नाची नोटीस देण्याआधी खटला चालू आहे की निकाली निघाला, हे तपासून घ्यावं.

तुमचा खासदार नक्की कोण

मराठवाड्यात आठ जिल्हे आणि लोकसभेच्या आठ जागा, पण सीमा जुळत नाहीत. पैठण, फुलंब्री आणि सिल्लोड जालना मतदारसंघात आहेत, म्हणजे जायकवाडीच्या भिंतीजवळच्या मतदाराचा खासदार जालन्याचा. परतूर आणि घनसावंगी परभणीत, लोहा लातूरमध्ये, औसा उस्मानाबादमध्ये, किनवट आणि हदगाव हिंगोलीत. संसदेच्या संकेतस्थळावर शोधताना मतदारसंघ 'औरंगाबाद' आणि 'उस्मानाबाद' याच नावांनी टाका; जिल्ह्यांची नावं बदलली तरी मतदारसंघांची जुनीच चालू आहेत.

राज्यसभेचे १९ खासदार संपूर्ण महाराष्ट्राचे असतात. आपला लोकसभेचा खासदार लक्ष देत नसेल तर यांच्याकडे जाता येतं, आणि हा पर्याय लोक फारच कमी वापरतात. राज्यसभेतले प्रश्न एका अर्थाने अधिक कामाचे ठरतात, कारण तिथे नोटिसांची गर्दी तुलनेने कमी असते.

दिवसाचा आणि वर्षाचा क्रम

वर्षाला साधारण तीन अधिवेशनं. अर्थसंकल्पी जानेवारीअखेर सुरू होऊन मधल्या सुट्टीसह एप्रिलपर्यंत, पावसाळी जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास, मग शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ), मग विधेयकं किंवा चर्चा. राज्यसभेत उलटं: ११ वाजता शून्य प्रहर, १२ वाजता प्रश्न. शुक्रवारी दुपारचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी. हवामानावरची बरीच खासगी विधेयकं इथे मांडली जातात. ती मंजूर होतील अशी आशा धरू नये, पण त्यांच्यावर चर्चा झाली तर मंत्र्याला भूमिका मांडावी लागते आणि ती नोंदीत राहते.

प्रत्येक मंत्रालयाला उत्तरासाठी आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, आणि लोकसभा-राज्यसभेचे वार वेगळे. हा तक्ता प्रत्येक अधिवेशनाआधी निघतो. मागच्या अधिवेशनाच्या तक्त्यावर भरवसा ठेवू नका.

प्रश्न तयार करणं: इथे वेळ घाला

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात, राज्यसभेत १५. तासाभरात प्रत्यक्षात पाच-सहाच होतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी. लोकसभेत दिवसाला २३०, राज्यसभेत १६०. गोंधळात कामकाज तहकूब झालं तरी यादीतल्या सगळ्या प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. माहिती हवी असणाऱ्यासाठी अतारांकित प्रश्नच सोन्यासारखा. भाषण, कॅमेरा काही नाही, पण मंत्रालयाच्या सहीची आकडेवारी हातात पडते.

नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. आलेल्या नोटिसांमधून कोणते प्रश्न यादीत जाणार हे सोडतीने ठरतं. लोकसभेत प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. म्हणून खासदारांच्या स्वीय सहायकाकडे मजकूर उत्तराच्या दिवसाआधी तीन-साडेतीन आठवडे पोचला पाहिजे. अधिवेशन चालू असताना दिल्ली गाठून 'साहेब, उद्या एवढं विचारा' म्हणणाऱ्यांचे प्रश्न कधीच यादीत का येत नाहीत, त्याचं कारण हे.

आता एक प्रश्न जवळून पाहू. गावाकडून येतो तो असा:

'केज तालुक्यातल्या आमच्या गावचा डीपी जळून महिना झाला. महावितरण दाद देत नाही. नवीन डीपी कधी मिळणार?'

दुःख खरं आहे, पण प्रश्न नाकारला जाईल, आणि एका नाही तर तीन कारणांनी. विषय राज्याच्या कंपनीचा, बाब एका गावापुरती, आणि त्यात तक्रार आहे, माहितीची मागणी नाही. तोच विषय असा लिहा:

'विद्युत मंत्री सांगतील काय की:
(क) आरडीएसएस योजनेखाली महाराष्ट्रासाठी शेतीपंपांच्या फीडर विलगीकरणाची आणि रोहित्र क्षमतावाढीची किती कामे मंजूर आहेत;
(ख) त्यांपैकी बीड, लातूर, धाराशिव व परभणी जिल्ह्यांतील मंजूर, सुरू झालेली व पूर्ण झालेली कामे किती, जिल्हानिहाय;
(ग) या कामांसाठी मंजूर केंद्रीय अनुदान व प्रत्यक्ष वितरित रक्कम, वर्षनिहाय;
(घ) विलंब असल्यास त्याची कारणे व सुधारित मुदत?'

यात चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. योजनेचं नाव आहे, म्हणून केंद्राला 'राज्याचा विषय' म्हणता येत नाही. राज्याचा आणि जिल्ह्यांचा आकडा वेगवेगळ्या भागात मागितलाय. एकत्र मागितला तर मंत्रालय राज्यनिहाय तक्ता लावून मोकळं होतं. मंजूर आणि वितरित हे दोन शब्द वेगळे ठेवलेत, कारण खरा घोळ त्या दोन शब्दांच्या मधे असतो. आणि शेवटी 'विलंब असल्यास' म्हटलंय; 'अक्षम्य दिरंगाई का झाली' असं लिहिलं तर प्रश्नात आरोप आहे म्हणून सचिवालय कात्री लावतं.

टाळायच्या गोष्टी: मत विचारू नका ('सरकारला असे वाटत नाही काय'), काल्पनिक परिस्थिती घालू नका, आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आधीच असलेला आकडा मागू नका. शेवटच्या चुकीने जागा वाया जाते. आधी जुनी उत्तरं शोधा. संसद डॉट इन वर मंत्रालय, विषय आणि खासदाराच्या नावाने शोध घेता येतो. मराठीत टाकून फारसं मिळत नाही. हिंदी किंवा इंग्रजी शब्द वापरा.

खासदार सत्ताधारी पक्षाचा आहे म्हणून विचारायला कचरू नका. पक्षाचा व्हिप, म्हणजे आदेश, मतदानाला लागतो, प्रश्नाला लागत नाही. सत्ताधारी बाकांवरचे खासदारही मतदारसंघाच्या कामाचे अतारांकित प्रश्न सर्रास विचारतात, आणि त्यांनाही लेखी आकडा तेवढाच उपयोगी पडतो.

उत्तर वाचताना डोळे उघडे ठेवा

उत्तराची सुरुवात 'विद्युत हा समवर्ती सूचीतील विषय असून...' अशी झाली, की समजायचं पुढे जबाबदारी राज्यावर ढकलली जाणार आहे. '(क) ते (घ)' एकत्र करून एकच परिच्छेद दिला असेल, तर एखाद्या भागाचं उत्तर गाळलंय का ते बोट ठेवून तपासा. '(ग) प्रश्न उद्भवत नाही' हे '(ख)'च्या उत्तराशी जुळतं का पाहा. खरा माल बहुतेकदा शेवटच्या विवरणपत्रात असतो, तो वाचायचा कंटाळा करू नका.

'माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल' या वाक्याने नाराज होऊ नका. असं उत्तर नियमानुसार आश्वासन धरलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. तीन महिन्यांनी खासदाराच्या कार्यालयाला प्रश्न क्रमांकासह आठवण करून द्या.

आता आकड्यांचे सापळे. ऊर्जा चर्चेत माणूस इथे हमखास फसतो.

पहिला, मेगावॉट आणि युनिट. मेगावॉट ही क्षमता, युनिट ही प्रत्यक्ष तयार झालेली वीज. एक मेगावॉट सौर प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देतो. एक मेगावॉट कोळशाचा संच ७० टक्के भाराने चालला तर ६० लाखांच्या आसपास देतो. परळीचे आज चालू असलेले २५० मेगावॉटचे तीन संच, म्हणजे ७५० मेगावॉट, यांची जागा ७५० मेगावॉट सौर पॅनल घेतील असं कुणी भाषणात म्हणालं, तर युनिटचा हिशेब मागा, आणि रात्रीचं काय तेही विचारा.

याच सापळ्याची देशपातळीवरची आवृत्ती आहे. २०३० पर्यंत ५० टक्के स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांतून, हे भारताचं उद्दिष्ट २०२५ च्या मध्यालाच गाठलं गेलं. खरी गोष्ट आहे आणि मोठी आहे. पण २०२४-२५ मध्ये तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांच्या वर होता, हीसुद्धा खरीच. सभागृहात एक बाजू पहिला आकडा सांगते, दुसरी बाजू दुसरा. दोघंही खोटं बोलत नसतात.

दुसरा सापळा उत्सर्जन तीव्रतेचा. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट हे उद्दिष्ट दर रुपया उत्पन्नामागच्या उत्सर्जनाचं आहे. एकूण उत्सर्जन या काळात वाढू शकतं, आणि वाढतंय. '४५ टक्के प्रदूषण कमी होणार' अशी बातमी लिहिली तर ती चुकीची.

तिसरा, मंजूर, वितरित, बसवलेले, चालू. सौरपंपात हे चार वेगळे आकडे आहेत. पीएम-कुसुमच्या ब घटकात, म्हणजे स्वतंत्र सौरपंपात, केंद्राचं अनुदान ३० टक्के. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के. शेतकऱ्याने कोटेशन भरलं, पुरवठादार निवडला आणि पंप आलाच नाही, तर तो 'मंजूर'मध्ये मोजलेला असतो. आरडीएसएसचंही तेच: योजनेचा आकार ३,०३,७५८ कोटी रुपये सांगितला जातो, पण त्यात केंद्राची अर्थसंकल्पी मदत ९७,६३१ कोटी, आणि तीही वितरण कंपनीने ठरलेले निकष पाळले तरच सुटते.

उत्तर अपुरं वाटलं तर खासदाराकडे आणखी एक हत्यार असतं: त्याच उत्तरावर अर्ध्या तासाची चर्चा मागणं. मिळतेच असं नाही, पण नुसती नोटीस गेली तरी मंत्रालय फाईल पुन्हा उघडतं.

स्थायी समिती: जिथे आवाज कमी आणि काम जास्त

संसदेच्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. ऊर्जा समितीकडे विद्युत आणि नवीकरणीय ऊर्जा ही दोन्ही मंत्रालयं येतात. कोळसा वेगळ्या समितीकडे (कोळसा, खाण आणि पोलाद), पेट्रोलियम वेगळ्या. हवामान बदल विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वन व हवामान बदल समितीकडे, आणि अणुऊर्जाही तिथेच. म्हणजे वीज आणि हवामान ही जोडगोळी समितीच्या टेबलावर एकत्र येतच नाही. आपल्या संसदेच्या रचनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असं आमचं मत. कोळशाचा विषय पाहणारी समिती एक, उष्णतेच्या लाटांचा अहवाल लिहिणारी दुसरी.

बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरा नसल्याने खासदार पक्ष विसरून बोलतात, आणि सचिवांना उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. अहवाल मात्र जाहीर असतो. तीन प्रकारचे अहवाल ओळखायला शिका. अनुदानाच्या मागण्यांवरचा, जो दरवर्षी साधारण मार्चमध्ये येतो. एखाद्या विषयावरचा. आणि सर्वांत कामाचा, पण सर्वांत कमी वाचला जाणारा, कार्यवाही अहवाल: समितीने काय सांगितलं होतं आणि सरकारने काय केलं. सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. या अहवालाचं चौथं प्रकरण सरळ उघडा. ज्या शिफारशींवरची सरकारची उत्तरं समितीने मान्य केली नाहीत, त्या तिथे असतात. बातमी तिथेच.

एखादं विधेयक किंवा विषय हाती घेतला की समिती लोकांकडून लेखी निवेदनं मागवते. जाहिरात वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर येते, मुदत बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास. दोन-तीन पानांत लिहा: कोणत्या कलमाबद्दल बोलताय, त्याने काय बिघडेल, त्याऐवजी कोणते शब्द हवेत. पर्यायी शब्द न सुचवणारं निवेदन कुणी पुढे नेत नाही. तोंडी साक्ष द्यायची इच्छा असेल तर तसं लिहा. पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तरी जातं आणि गोपनीय धरलं जातं, म्हणून ते लगेच व्हॉट्सॲपवर फिरवू नये.

विधेयक: एकाच दिवशी दोन वाटा

८ ऑगस्ट २०२२. तत्कालीन विद्युत मंत्री आर. के. सिंह यांनी लोकसभेत वीज सुधारणा विधेयक मांडलं आणि ते ऊर्जा स्थायी समितीकडे गेलं. एकाच भागात अनेक वितरण कंपन्यांना वाट मोकळी करणारं ते विधेयक असल्याने वीज कर्मचारी आणि शेतकरी संघटनांचा जोरदार विरोध होता. त्याच दिवशी, त्याच मंत्र्यांचं ऊर्जा संवर्धन सुधारणा विधेयक लोकसभेने मंजूर केलं. पहिलं विधेयक समितीत पडून राहिलं आणि जून २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्द झालं. दुसरं डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे.

यातून नवख्याने तीन गोष्टी घ्यायच्या. समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही; डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेचं शांती विधेयक मांडल्यापासून चार दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांतून पार पडलं. दुसरं, लोकसभेत मांडलेलं आणि अडकलेलं विधेयक त्या लोकसभेबरोबर संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि अजून तिथेच प्रलंबित असलेलं, लोकसभेने मंजूर न केलेलं विधेयक मात्र जिवंत राहतं. तिसरं, विधेयक मंजूर झाल्यावर चर्चा संपत नाही. ऊर्जा संवर्धन कायद्याने कार्बन बाजाराला (उत्सर्जन कपातीच्या प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीला) फक्त दार उघडलं. योजना जून २०२३ च्या अधिसूचनेने आली. जालन्यातल्या पोलाद कारखानदाराने आपल्याला काय लागू होतं हे पाहायचं तर कायद्यात काही सापडणार नाही, अधिसूचना आणि उद्योगांची यादी पाहावी लागेल. अशा नियमांना संसदेत ३० दिवस पटलावर ठेवावं लागतं आणि खासदार बदल सुचवू शकतात. ही सोय क्वचितच कुणी वापरतं.

हरकत घ्यायची सर्वांत सोपी वेळ याच्याही आधीची असते. मंत्रालयं मसुदा संकेतस्थळावर टाकतात, साधारण ३० दिवस सूचनांसाठी. वीज सुधारणा विधेयकाचा नवा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये असाच आला.

पैशाची चर्चा

अर्थसंकल्पानंतर मंत्रालयनिहाय खर्चाच्या (अनुदानाच्या) मागण्या लोकसभेत येतात, पण चर्चा मोजक्याच मंत्रालयांवर होते. उरलेल्या सगळ्या शेवटच्या दिवशी एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. विद्युत मंत्रालय चर्चेला येईलच याची खात्री नाही, म्हणून वर सांगितलेला समितीचा मार्चमधला अहवाल महत्त्वाचा. त्यात मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने शेजारी ठेवून वाचा. तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज निम्मा, असं दिसलं की प्रश्न तयार झालाच. मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणाऱ्या कपात सूचना तीन प्रकारच्या: धोरणाला विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणा, काटकसरीसाठी ठराविक रक्कम कमी करा, आणि एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करा. मंजूर होत नाहीत. सौरपंपाच्या विलंबासाठी शेवटची सूचना योग्य.

हवामान करारांवर मतदान का होत नाही

भारताने पॅरिस करार २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्य केला. संसदेत मतदान झालं नाही, कारण आपल्याकडे करार करणं आणि मान्य करणं हे सरकारचं काम आहे. करार राबवण्यासाठी कायदा लागला तरच संसद येते. २०७० पर्यंत नेट झिरो (निव्वळ शून्य उत्सर्जन) ही घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत झाली, संसदेत नव्हे. त्याच्या पुढच्याच महिन्यात लोकसभेत नियम १९३ खाली हवामान बदलावर चर्चा झाली. नियम १९३ च्या चर्चेत मतदान नसतं. देशात हवामानाचा एकच असा सर्वसमावेशक कायदाही नाही. पर्यावरण, वीज, ऊर्जा संवर्धन, वन असे कायदे एकत्र लावून काम चालतं. म्हणून 'हवामान कायद्याचं काय झालं' असं मोघम विचारण्यापेक्षा उष्णतेच्या लाटा, सप्टेंबर २०२५ सारखी अतिवृष्टी किंवा पीकविमा, यातलं जे हवं ते त्या-त्या मंत्रालयाला विचारा. हवामान खातं भूविज्ञान मंत्रालयाखाली येतं, पीकविमा कृषीखाली.

अशा चर्चांमध्ये बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. पाच-सहा खासदारांच्या पक्षाला काही मिनिटंच येतात. खासदाराला टिपण द्यायचं तर एक पान, तीन मुद्दे, एक आकडा आणि एक मागणी. वीस पानांची फाईल गाडीच्या मागच्या सीटवरच राहते. मराठीत बोलता येतं. भाषांतराची सोय आहे, आधी कळवावं लागतं.

प्रश्न यादीत आलाच नाही तर

सोडतीत नाव निघालं नाही, असं वारंवार होतं. तोच विषय लोकसभेत नियम ३७७ खाली देता येतो: २५० शब्दांच्या आत मजकूर, आणि मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. राज्यसभेत त्याला विशेष उल्लेख म्हणतात. शून्य प्रहर तातडीच्या विषयासाठी. राज्यसभेत तीन मिनिटं झाली की माईक बंद. एक वेगळा मार्ग याचिका समितीचा आहे. याचिका सभागृहाला उद्देशून लिहायची, शेवटी नेमकी विनंती, खाली सह्या, आणि ती खासदाराच्या सहीने मांडली जाते.

आणि केज तालुक्यातला तो जळालेला डीपी? त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही. जिल्ह्यात 'दिशा' नावाची समिती असते, अध्यक्ष खासदार, बैठक दर तिमाहीला, आणि केंद्राच्या योजनांचा आढावा घ्यायला महावितरणचे अधीक्षक अभियंता समोर बसलेले असतात. बैठकीची तारीख जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडून काढा, आणि आरडीएसएसच्या उत्तरातला जिल्ह्याचा तक्ता छापून बैठकीच्या आधी सदस्यांच्या हातात द्या.